मावळात शिकले, माळव्यात कळलं

पॅराग्लायडिंग शिकून आले असं म्हटलं की समोरचा माणूस एकच प्रश्न विचारतो, "मग, उडालात का?" फोंड्यातल्या शेजारणीनं विचारला, बँकेतल्या कॅशियरनं विचारला, देवळात भेटलेल्या भटजींनीही विचारला. खरं उत्तर असं की चार दिवसांत मिळून मी मिनिटभरसुद्धा हवेत नव्हते. सगळ्यात मोठं उड्डाण सात सेकंदांचं. आणि उंची? आमच्या परसातला माड त्याहून उंच आहे.

तरीही ते चार दिवस फुकट गेले असं मला मुळीच वाटत नाही. उलट पन्नाशी ओलांडल्यावर इतकं नवं काही शिकायला मिळेल असं वाटलंच नव्हतं. ज्यांच्या मनात हे शिकायचं घोळतंय त्यांच्यासाठी म्हणून लिहायला बसले. फक्त एक अडचण आहे. शिकले मी पुण्याजवळच्या मावळात, आणि त्यातलं मर्म कळलं ते महिनाभरानं, माळव्यात, धार आणि देवासला. तेव्हा वाचकांना थोडा प्रवास घडणार आहे, तयारी ठेवा.

सुरुवात मात्र आमच्या गोव्यातून. हरमलच्या गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी जी टेकडी आहे, तिच्यावरून थेट केरीच्या बाजूला जाता येतं. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा या कड्यावर येऊन धडकतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर रंगीत पंख तरंगत असतात. मी ते वर्षानुवर्षं खालून, वाळूत उभी राहून पाहत आले. मग जानेवारी २०२५ मध्ये केरीच्या पठारावरून उडालेली एक पर्यटक तरुणी आणि तिला घेऊन उडालेला पायलट, दोघेही कोसळून मरण पावले. ती बातमी बरेच दिवस डोक्यातून जाईना. अशा जोडीच्या उड्डाणात, ज्याला टँडम म्हणतात, पुढे बांधलेल्या माणसाला काय माहीत असतं? वारा त्याला कळत नाही, दोऱ्या कळत नाहीत. आणि मुख्य म्हणजे "आज नको" असं म्हणायला जे ज्ञान लागतं, ते त्याच्यापाशी नसतं. तो पैसे देतो आणि विश्वास टाकतो. बस्स.

मला उडायची हौस होतीच, नाही असं नाही. पण त्याहून जास्त, हे "आज नको" कशावरून ठरतं ते समजून घ्यायचं होतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "तुका पिशें लागलां!" आणि मग गुपचूप डब्यात लाडू भरून दिले.

कामशेत हे मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरचं लोणावळ्याच्या पुढचं छोटं स्टेशन. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच टापूत, पवनेचं धरण जवळ. पावसाळा सोडला तर साधारण ऑक्टोबर ते मे इथल्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग चालतं. नवख्यांसाठी तीन-चार दिवसांचे वर्ग असतात. आमच्या वर्गात सहा जण होतो. पाच जण माझ्या मुलाच्या वयाचे आणि मी. शिकवणारा तरुण मावळातलाच, लहानपणापासून याच डोंगरांवर गुरं राखलेला. मला तो "ताई" म्हणायचा. त्याच्या तोंडून चार दिवसांत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "थांबा ताई."

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते, कारण पुष्कळांना हे पॅराशूटच वाटतं. दिसायला भावंडं आहेत खरी. १९६० च्या दशकात डोमिना जॅल्बर्ट या गृहस्थांनी कप्प्याकप्प्यांचं, हवा भरली की पंखाचा आकार घेणारं कापडी पॅराशूट तयार केलं. पुढे जून १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मिउसी गावी तिघा पॅराशूटवाल्यांना वाटलं, दर वेळी विमानाचं भाडं कशाला भरायचं, डोंगरउतारावरून पळत सुटलो तर? आणि ते पळत सुटले. या खेळाची गोष्ट सांगताना बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. म्हणजे वयानं हा खेळ माझ्याहून धाकटा आहे!

पण पॅराशूटचं काम पडणाऱ्याला हळू पाडायचं. पॅराग्लायडर हा पंख आहे. त्याला इंजिन नाही, सांगाडा नाही. फक्त कापड, दोऱ्या आणि खाली टांगलेला माणूस. पुढच्या तोंडांतून आत शिरणारी हवा कप्पे फुगवते आणि कापडाचा पंख होतो. नवख्यांचा पंख साधारणपणे एक मीटर खाली येईपर्यंत सात-आठ मीटर पुढे जातो. नीट वाचा, "खाली येईपर्यंत". पॅराग्लायडर हवेतून सतत खालीच येत असतो. तो वर जाताना दिसतो तेव्हा त्याच्याभोवतीची हवाच त्याच्या उतरण्यापेक्षा जास्त वेगानं वर चाललेली असते. तेव्हा उडतो तो माणूस नव्हे, उडते ती हवा. आपण तिच्या मांडीवर बसायचं. मला वाटतं ही एक गोष्ट नीट समजली की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

पहिल्या दिवशी आम्ही उडालो नाही. पंख गवतावर उलगडायचा, दोऱ्या सोडवायच्या, कुठे काटा, गाठ, काडी अडकलीय का ते पाहायचं, मग पुन्हा घडी. दोऱ्यांचे गट खाली येऊन दोन खांद्यांपाशी पट्ट्यांना मिळतात, त्या पट्ट्यांना रायझर म्हणतात. पुढचा ए, मग बी, मग सी. हातात दोन ब्रेक. डावा ओढला की डावीकडे वळतो, दोन्ही ओढले की मंदावतो, आणि फार ओढले तर पंख उडायचंच थांबवतो. मग हार्नेस, हेल्मेट, आणि पाठीशी किंवा बुडाखाली असलेलं संकटकाळचं पॅराशूट. उड्डाणापूर्वीची तपासणी आम्ही पाढ्यासारखी पाठ केली. हेल्मेट, पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, कड्या, दोऱ्या, वारा, समोरचं आकाश. मध्येच कोणी बोलावलं, हाक मारली, की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. "पायाचे पट्टे दोनदा बघा," आमचे गुरुजी सांगायचे. ते उगाच नव्हे. पायाचे पट्टे लावायला विसरून उडालेली अनुभवी माणसंसुद्धा हार्नेसमधून निसटून दगावली आहेत.

दुसरा दिवस जमिनीवरच. वाऱ्याकडे पाठ करून, पंखाकडे तोंड करून उभं राहायचं, ए रायझर हलकेच ओढून पंख डोक्यावर उभा करायचा आणि तिथेच ठेवायचा. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पंख म्हणजे दावं तोडायला निघालेलं खोंड. आम्हा सहाही जणांना त्यानं गवतात ओढून नेलं. मी सारखी मान वर करून कापड बघत होते. गुरुजी म्हणाले, "ताई, वर बघू नका. हाताला विचारा." आणि खरंच, तासाभरानं कधीतरी पंख उजवीकडे कलायच्या आधी उजव्या हाताला दोरी सैल झाल्याचं कळायला लागलं. आमच्या घरी तंबोरा होता. तो जुळवताना बाबा डोळे मिटून घ्यायचे ते का, हे मला त्या दुपारी गवतात उभं राहून समजलं.

तिसऱ्या दिवशी लहानशा उतारावरून पळणं. इथली खूणगाठ अशी की पॅराग्लायडिंगमध्ये उडी नसते. फक्त पळायचं, आणि पाय जमिनीवरून सुटले तरी पळतच राहायचं. मन म्हणतं उडी मार, नाहीतर लगेच हार्नेसमध्ये बस. तेवढ्यानं दोऱ्यांवरचा भार जातो आणि पंख मागे पडतो. मी पळाले, पळाले, आणि एका पावलाला जमीन नव्हती. पुढच्या पावलालाही नव्हती. सातव्या सेकंदाला गुरुजी खालून ओरडले, "ब्रेक!" दोन्ही हात खाली दाबले, आणि उंबरठा ओलांडावा तशी जमिनीवर आले. पन्नासेक मीटर झाले असतील. त्या सात सेकंदांत कसलाच आवाज नव्हता एवढंच आठवतं.

चौथ्या दिवशी मोठी टेकडी ठरली होती. दुपारी चढलो. खाली उतरायचं शेत, त्यात लावलेला वारादर्शक कापडी मोजा, सगळं दिसत होतं. पण वारा टेकडीला समोरून येण्याऐवजी तिरका येत होता, आणि झटके देत होता. समोरून येणारा संथ वारा डोंगराला टेकून वर चढतो. तोच आडवा आला किंवा मागून आला की डोंगराआड भोवरे होतात, आणि भोवऱ्यात कापडाचा पंख मिटतो. गुरुजींनी मूठभर वाळकं गवत हवेत सोडलं, ते कुठे जातं ते पाहिलं, आणि म्हणाले, "थांबा." अर्ध्या तासानं पुन्हा गवत, पुन्हा "थांबा." असं सूर्य कलेपर्यंत चाललं. मग त्यांनी स्वतःचीही पिशवी बांधली आणि आम्ही सगळे पाठीवर ओझी घेऊन पायी उतरलो. वर्गातला एक मुलगा चिडला होता. रजा संपली, पैसे भरलेत, एकदा तरी सोडायला काय हरकत होती? गुरुजी काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

इथवर मावळ. आता माळवा.

पुढच्या महिन्यात देवासला मावशीच्या नातवाची मुंज होती. आईची ही धाकटी बहीण लग्न करून माळव्यात गेली, ती तिकडचीच झाली. अठराव्या शतकात होळकर, शिंदे, पवार उत्तरेत गेले, आणि त्यांच्यामागून कारकून, वैद्य, भटजी, शिपाई अशी कितीतरी मराठी घरं गेली. धार आणि देवास ही दोन्ही संस्थानं पवारांची. देवासमध्ये तर तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. एका गावात दोन राजे! मावशीच्या घरी अजून मराठी बोलतात, पण तिला माळव्याची फोडणी बसलीय. मुंजीच्या आधी दोन दिवस हाताशी होते म्हणून मी आणि मावसभाऊ धार-मांडू पाहायला निघालो.

धार म्हणजे भोजराजाची धारानगरी. कुठे राजा भोज आणि कुठे गंगा तेली, या म्हणीतला हा राजा खराखुरा होता. अकराव्या शतकाचा पूर्वार्ध हा त्याचा काळ. त्याच्या नावावर जे ग्रंथ आहेत त्यांतला एक 'समरांगणसूत्रधार'. नगर कसं वसवावं, घर कसं बांधावं, देऊळ कसं उभारावं, असे विषय असलेले त्र्याऐंशी अध्याय. हा ग्रंथ गणपतिशास्त्र्यांनी संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत १९२४-२५ साली दोन भागांत छापून आणला. म्हणजे धारच्या राजाचं पुस्तक एका मराठी संस्थानानं पुन्हा उजेडात आणलं. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रं आहेत. पाणी उडवणारी, झोपाळे फिरवणारी, दारावर पहारा करणारी. आणि एक उडणारं. हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करायचा, सांधे घट्ट बसवायचे, पोटात पाऱ्याचं पात्र आणि त्याखाली अग्नी. वर बसलेला माणूस पंखांच्या आणि पाऱ्याच्या जोरावर दूरवर आकाशात जातो, असं वर्णन आहे.

इथे थोडं सावध राहायला हवं. हा पक्षी खरोखर उडाला असं मला वाटत नाही. पारा तापवून माणूस उडत नाही, विषारी वाफेनं आजारी मात्र नक्की पडतो. आणि 'वैमानिक शास्त्र' म्हणून जे पुस्तक पुष्कळ जण पुढे करतात, त्याचा भोजाशी काही संबंध नाही. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहवून घेतलेलं आहे, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली त्यातल्या विमानांचा हिशेब तपासून ती उडू शकणार नाहीत असं दाखवून दिलं आहे. भोजाचं पुस्तक मात्र हजार वर्षांपूर्वीचं आहे, आणि त्यातली मला भावलेली गोष्ट पाऱ्याची नाहीच.

भोज म्हणतो, यंत्रं कशी जुळवायची ते इथे सांगितलेलं नाही. ठाऊक नाही म्हणून नव्हे, गुप्त ठेवायचं म्हणून. आणि दुसऱ्या ठिकाणी, यंत्रं करणाऱ्याला काय काय लागतं ते सांगतो. परंपरेनं आलेलं कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, हातानं काम करण्याचा उद्योग आणि बुद्धी.

हे मी पूर्वीही वाचलं होतं. तेव्हा वाटलं होतं, घ्या, नेमकं सांगायचं तेवढंच टाळलं! कामशेतहून आल्यावर वाचलं तेव्हा दुसरंच दिसलं. आता पंख कसा उभा करायचा याचे हवे तेवढे व्हिडिओ मिळतात, गुप्त काहीच नाही. पण "हाताला विचारा" हे पुस्तकात लिहूनसुद्धा पुस्तकातून मिळत नाही. वाळकं गवत कोणालाही उडवता येतं. ते पाहून "थांबा" म्हणायला त्याच डोंगरावर घालवलेली वर्षं लागतात. भोजाच्या यादीत बुद्धी शेवटी आहे, आणि परंपरा आणि गुरू आधी, हे मला उगाच वाटत नाही.

धारचा किल्ला गावाशेजारच्या बुटक्या टेकडीवर आहे. याच किल्ल्यात १७७५ साली आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला. ज्या बाईंवर 'ध'चा 'मा' केल्याचा आळ आहे, त्यांच्या या आसऱ्याच्या जागी उभी राहून मी 'ध'चा 'घ' केला! म्हणजे धार सोडून घारी बघत बसले. दुपारची वेळ होती. चार-पाच घारी एकाच जागी गोल गोल फिरत, पंख न हलवता वर वर चालल्या होत्या. उन्हानं तापलेल्या खडकावरची, नांगरलेल्या शेतावरची हवा बुडबुड्यासारखी सुटून वर जाते, तिला थर्मल म्हणतात. जाणते पायलट घारींवरून थर्मल ओळखतात आणि त्यांच्या शेजारी जाऊन चकरा घेतात. नवख्यानं मात्र भर दुपारच्या या उकळत्या हवेपासून लांब राहायचं, आपली वेळ सकाळची किंवा कलत्या उन्हाची. भाऊ म्हणाला, "ताई, किल्ला इकडे आहे."

मांडूला तर कमालच झाली. मांडू विंध्याच्या ऐन कडेवर. रूपमतीच्या मंडपात उभं राहिलं की दक्षिणेला कडा सरळ तुटलेला, खाली निमाडचा सपाट मुलूख, हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रेघ. मी याआधी एकदा आले होते तेव्हा बाजबहादूर, रूपमती, सगळं आठवून हळवी झाले होते. या खेपेला मंडपात पोचले आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर कडेचं गवत कुठे झुकतंय ते पाहिलं. वारा निमाडातून थेट वर येत होता, संथ आणि सलग. एक घार माझ्या नजरेच्या पातळीला, एकाच जागी, न हलता लटकली होती. वाटलं, काय जागा आहे! आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, पण उतरायचं कुठे? खाली झाडी, ओढे, दगड. सपाट शेत दिसतंय ते फार लांब. शिवाय ही संरक्षित वास्तू, इथे असलं काही मनातही आणायचं नाही. तेव्हा लक्षात आलं की चार दिवसांत माझे डोळे बदललेत. सुंदर कडा दिसला की आधी उतरायची जागा शोधायची, ही सवय सात सेकंदांच्या बदल्यात मला मिळाली होती.

परतताना गाडीत भोजाचीच दुसरी गोष्ट आठवत होती, सिंहासनबत्तिशी. लहानपणी आजीकडून ऐकलेली. एका टेकाडावर बसून गुराख्याचं पोर अचूक न्याय देतं. भोज ते टेकाड खणवतो, तर आत विक्रमादित्याचं सिंहासन. बत्तीस पुतळ्यांचं. राजा चढायला पाऊल उचलतो आणि पुतळी बोलते, थांब. आधी विक्रमाची गोष्ट ऐक, मग तू या जागेच्या लायकीचा आहेस का ते ठरव. दुसऱ्या दिवशी दुसरी पुतळी. असं बत्तीस वेळा. आजीच्या गोष्टीत शेवटी सिंहासन आकाशात उडून जायचं आणि भोज खालीच राहायचा. तेव्हा मला भोजाची फार कीव यायची. आता येत नाही. उडणाऱ्या यंत्राचं वर्णन ज्याच्या ग्रंथात आहे, त्याच राजाला लोकांनी बत्तीस वेळा "थांब" ऐकायला लावलं, आणि तो रागावून पुतळ्या फोडत नाही, दर वेळी पाऊल मागे घेतो. टेकाडावर नुसता चढला म्हणून कोणी राजा होत नाही, आणि टेकडीवर चढलो म्हणून उडायलाच हवं असंही नाही.

देवासला परत आले. देवास हे वाऱ्याचं गाव. जवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात. गावावर देवीची टेकडी आहे. थोरल्या पातीकडे राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टरनं आपल्या पुस्तकाला हिचंच नाव दिलं. आणि या टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर, भानुकुल. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमारजी १९४८ साली क्षयानं ग्रासलेले असताना कोरड्या हवेसाठी देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. वयाच्या दहा-अकराव्या वर्षी मैफली गाजवलेला माणूस तेविशीत अंथरुणावर, आणि गायचं नाही. भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, नव्यानं आलेल्या स्ट्रेप्टोमायसिननं जीव वाचवला. पाचेक वर्षं ते गायले नाहीत. ऐकत राहिले, खिडकीतून येणारी माळव्यातली लोकगीतं, बायकांची गाणी. १९५३ च्या सुमारास पुन्हा गायला लागले तेव्हा एक फुप्फुस जायबंदी होतं, आणि गाणं नवं होतं. लहान, धारदार, श्वास जपून फेकलेल्या जागा. आम्हा गोवेकरांचा एक धागाही त्यांच्या गाण्यात आहे. त्यांनी अंजनीबाई मालपेकरांकडूनही विद्या घेतली होती, आणि मालपें आहे पेडणे तालुक्यात, म्हणजे जिथल्या आकाशात ते रंगीत पंख तरंगतात त्याच आमच्या हरमल-केरीच्या तालुक्यात.

मुंज आटोपल्यावर मावशीला घेऊन मी टेकडीवर दर्शनाला गेले. वर वारा होता. पदर सावरत मावशीनं विचारलंच, "काय गं, ते उडायचं शिकलीस म्हणे. उडालीस का?" मी म्हटलं, "सात सेकंद. शेवटच्या दिवशी वारा नव्हता बरा, पायी उतरलो." मला वाटलं आता हसेल. तिनं कुमारजींना समोर बसून ऐकलेलं. खाली त्यांच्या घराच्या दिशेनं बघत ती म्हणाली, "पाच वर्षं गायले नाहीत ते. पण त्यांनी गाणं सोडलं असं कोणी म्हटलं का बेटा?"

आता ज्यांना खरोखर सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. एकदा टँडमची चैन केली म्हणजे पॅराग्लायडिंग कळलं असं समजू नका, आणि वापरलेला पंख स्वस्तात मिळतोय म्हणून विकत घेऊन एकट्यानं माळावर तर मुळीच जाऊ नका. शिकवणारा स्वतः काय शिकलाय, त्याच्याकडे कसलं प्रमाणपत्र आहे, ते विचारा. पंख नवख्यांसाठीच्या 'ए' वर्गाचा आहे का, तुमचं आणि सामानाचं मिळून वजन त्याच्या मर्यादेत बसतं का, संकटकाळचं पॅराशूट शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी घातलं, हेही विचारा. घोट्यावर येणारे बूट न्या. रजा दोन दिवस जास्तीची टाका, म्हणजे वारा नसेल तेव्हा चिडचिड होणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकवणाऱ्याला विचारा, "तुम्ही शेवटचं कधी न उडता परत उतरलात?" जो आठवून पटकन सांगेल त्याच्याकडे शिका. "आमच्याकडे असं होतच नाही" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हा. टँडमला बसणार असाल तरी हाच प्रश्न विचारा. पुढे बांधून घेणाऱ्या माणसाच्या हातात एवढी तरी दोरी असायला हवी.

पावसाळ्यात टेकड्या बंद असतात. तोवर मी आमच्या माळावर रोज संध्याकाळी मूठभर गवत हवेत सोडून बघते. शेजाऱ्यांना आता त्याची सवय झालीय. दसरा झाला, सोनं वाटून झालं, की आकाश धुतल्यासारखं होतं आणि वारा बदलतो. तेव्हा पुन्हा कामशेतला जाणार आहे. मोठी टेकडी राहिलीय. या वेळी रजा आठ दिवसांची टाकलीय.